टक्कर झाली की कण गुंततातच. मग मोजायचं काय?

अणुरेणू (धागाकर्ता):

एंटँगलमेंटची, म्हणजे कण एकमेकांत गुंतण्याची, बातमी वर्तमानपत्रात आली की सोबत लेसर, स्फटिक आणि निळे चमकणारे दोन गोळे हमखास येतात. २०२२ चं नोबेल ॲस्पे, क्लॉझर आणि झायलिंगर यांना मिळालं तेव्हाही असंच झालं. त्यांचे प्रयोग प्रकाशाचे होते, त्यामुळे चित्र चुकीचं नव्हतं. पण त्यातून एक समज रुजलाय की एंटँगलमेंट म्हणजे प्रयोगशाळेत फार निगुतीने घडवून आणायची गोष्ट. माझं म्हणणं उलटं आहे. दोन कण एकमेकांवर आदळले की बहुधा गुंततातच. न गुंतता सुटले, तर ती बातमी.

श्रोडिंगरने १९३५ साली ही कल्पना मांडली ती अशी: दोन प्रणाली, दोन्हींची अवस्था आपल्याला माहीत. त्या काही काळ एकमेकींवर बल लावतात आणि मग दूर जातात. दूर गेल्यावर दोघींची मिळून एक अवस्था सांगता येते, एकेकीची वेगळी सांगता येत नाही. हे वर्णन सरळसरळ स्कॅटरिंगचं आहे. दोन कण येतात, भिडतात, जातात. अणुगर्भशास्त्रातली माणसं रदरफर्डपासून हेच करत आली आहेत, फक्त बराच काळ त्यांचं लक्ष कोन आणि काटछेद (टक्कर होण्याची शक्यता किती, याचं माप) मोजण्याकडे होतं.

अडचण आहे ती मोजण्यात. समोरासमोर आदळलेल्या दोन कणांचा एकूण संवेग शून्य असेल तर एक डावीकडे गेला की दुसरा उजवीकडे जाणारच. पण असा संबंध न्यूटनच्या यांत्रिकीतही असतो, त्यावरून काही सिद्ध होत नाही. एंटँगलमेंट दाखवायची तर एकमेकांशी न जुळणाऱ्या राशींमध्येही संबंध टिकतो हे दाखवावं लागतं: स्पिन (कणाची अंगभूत फिरकी) या अक्षावर मोजा, मग त्या अक्षावर, मग तिरक्या अक्षावर. डिटेक्टरला ऊर्जा कळते, दिशा कळते, स्पिन कळत नाही. तो ओळखायला बहुतेक वेळा आणखी एक टक्कर घडवावी लागते.

याचा पहिला मोठा प्रयोग १९५० चा. कोलंबिया विद्यापीठात चिएन-शिउंग वू (होय, सात वर्षांनी पॅरिटीचा, म्हणजे निसर्गात डावं-उजवं सारखं नसल्याचा, प्रयोग केला त्याच) आणि इरविंग शाकनोव्ह यांनी तांबे-६४ मधून निघणारे पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनचे प्रतिकण, वापरले. पॉझिट्रॉन इलेक्ट्रॉनला भेटला की दोघे नाहीसे होतात आणि ५११ केईव्हीचे (केईव्ही, एमईव्ही, जीईव्ही, टीईव्ही ही ऊर्जेची चढती एककं) दोन गॅमा फोटॉन विरुद्ध दिशांना सुटतात. क्वांटम सिद्धांत सांगतो की त्यांचं ध्रुवीकरण एकमेकांना काटकोनात असतं, पण कोणत्या दिशेला ते ठरलेलं नसतं. गॅमा किरणांना पोलरॉइड (ध्रुवीकरणाची गाळणी) चालत नाही. म्हणून प्रत्येक फोटॉन ॲल्युमिनियमवर आदळवून कॉम्प्टन स्कॅटरिंगची, म्हणजे इलेक्ट्रॉनवर आदळून फोटॉन वळण्याची, दिशा पाहिली. दोन्ही डिटेक्टर एकमेकांना काटकोनात असताना मिळणाऱ्या जोड्या आणि समांतर असताना मिळणाऱ्या जोड्या यांचं गुणोत्तर आलं २.०४, त्रुटी ०.०८. त्यांच्या मांडणीसाठी सिद्धांताचं उत्तर होतं २.००. प्रयोग करताना हा एंटँगलमेंटचा पुरावा आहे असा गाजावाजा त्यांनी केला नाही. १९५७ मध्ये बोम आणि अहारोनोव्ह यांनी ते दाखवून दिलं.

दुसरा प्रयोग मला जास्त आवडतो आणि तो लोकांना फारसा माहीत नाही. १९७६, फ्रान्समधलं साक्ले, लामेही-राख्ती आणि मिटिग. कमी ऊर्जेचे, साधारण १३ एमईव्हीचे प्रोटॉन हायड्रोजनवर सोडले, म्हणजे प्रोटॉनवर प्रोटॉन. इतक्या कमी ऊर्जेला टक्कर मुख्यतः एस-वेव्हमध्ये होते, म्हणजे कण एकमेकांभोवती न फिरता भिडतात आणि अवस्थेचा अवकाशातला भाग सममित (कणांची अदलाबदल केली तरी तोच). दोघे एकसारखे फर्मिऑन, त्यामुळे पाउलीच्या नियमाने एकूण अवस्था प्रतिसममित (अदलाबदलीने चिन्ह बदलणारी) हवी. ती जबाबदारी सगळी स्पिनवर येते आणि स्पिनची प्रतिसममित अवस्था एकच, सिंगलेट: दोन्ही स्पिन कायम विरुद्ध, बेरीज शून्य. पाठ्यपुस्तकात जॉन बेलच्या प्रकरणात जी आदर्श अवस्था छापतात तीच. इथे ती कोणी ‘तयार’ केली नाही, पाउलीच्या नियमाने दुसरा पर्यायच ठेवला नाही! पुढे दोन्ही प्रोटॉन कार्बनवर आदळवून त्यांचे स्पिन ताडले. निकाल क्वांटम सिद्धांताच्या बाजूने.

मग टॉप क्वार्क, सगळ्यात जड मूलकण. त्याच्या जोडीतली एंटँगलमेंट सर्नच्या ॲटलास प्रयोगाने २०२३ मध्ये जाहीर केली, २०२४ च्या सप्टेंबरमध्ये ती ‘नेचर’मध्ये आली. सर्नच्या एलएचसी त्वरकात १३ टीईव्हीला प्रोटॉन आदळवले, त्यातले ग्लुऑन (प्रबळ बलाचे वाहक कण) भिडून टॉप आणि अँटिटॉप जन्मले. टॉपचं आयुष्य सेकंदाच्या १ वर २५ शून्यं इतक्या भागांपैकी जेमतेम ५. बाकीचे क्वार्क हॅड्रॉनमध्ये (क्वार्कच्या गाठोड्यांमध्ये) बांधले जातात आणि स्पिनची माहिती विरघळते. टॉप त्याआधीच फुटतो, आणि त्यातून निघालेला इलेक्ट्रॉन किंवा म्यूऑन (दोघेही लेप्टॉन) कोणत्या दिशेला जातो त्यात टॉपचा स्पिन उमटलेला असतो. दोन लेप्टॉनमधल्या कोनावरून डी नावाची एक संख्या काढतात. शुद्ध सिंगलेटला ती -१ येते. -१/३ च्या खाली गेली की एंटँगलमेंट नक्की. जोडीचं वस्तुमान ३४० ते ३८० जीईव्ही असलेल्या घटनांमध्ये, म्हणजे जोडी जेमतेम जन्मते तिथे, ॲटलासला -०.५३७ मिळालं, त्रुटी ०.०१९. सर्नच्याच सीएमएस प्रयोगालाही स्वतंत्रपणे दिसलं, आणि आपली आयसर पुणे सीएमएसमध्ये आहे हे बातम्या देणाऱ्यांनी सोयीस्कर विसरलं.

इथपर्यंत ‘आहे की नाही’ हाच प्रश्न. पण २०१९ मध्ये बीन, कॅप्लान, क्लको आणि सॅव्हेज या सिॲटलच्या मंडळींनी प्रश्न फिरवला: एखादं बल एंटँगलमेंट किती घडवतं? प्रोटॉन आणि न्यूट्रॉन सुटे, न गुंतलेले आणायचे, कमी ऊर्जेला आदळवायचे आणि सगळ्या सुरुवातीच्या स्पिनवर सरासरी काढायची. एस-वेव्हसाठी उत्तर एका ओळीचं आहे: ट्रिपलेट (दोन्ही स्पिनची बेरीज १) आणि सिंगलेट यांच्या फेज शिफ्टमधला (टकरीने लहर सरकते त्या कोनांमधला) फरक घ्या, दुप्पट करा, त्याच्या साईनचा वर्ग, भागिले ६. दोन्ही फेज शिफ्ट सारखे असले तर शून्य. सारखे असणं म्हणजे बलाला स्पिनची फिकीर नसणं, म्हणजेच विग्नरची १९३७ मधली एसयू(४) सममिती (४ म्हणजे आपसांत बदलता येणाऱ्या अवस्था), जी अणुगर्भात अंदाजे दिसतेच. लेखकांचा दावा असा की ही सममिती कदाचित एंटँगलमेंट दाबली जाण्यातून येते. स्ट्रेंज क्वार्क असलेले भाऊबंद धरले की आठ बॅरिऑन (तीन क्वार्कचे कण), प्रत्येकाचे दोन स्पिन, मिळून एसयू(१६). क्यूसीडीच्या (प्रबळ बलाच्या सिद्धांताच्या) नेहमीच्या युक्तिवादातून, म्हणजे रंगांची (क्वार्कवरच्या प्रबळ भारांची) संख्या मोठी मानून, एसयू(६) मिळते, ही १६ वाली मिळत नाही. आणि जड क्वार्क घेऊन केलेल्या लॅटिस गणितात (अवकाशाची जाळी करून संगणकावर केलेल्या) तिच्या खुणा दिसल्या आहेत.

यावर बोलूया.

बाकरवडीबोसॉन:

लेख मस्त. पण पहिल्याच दाव्यावर अडलो. कॅरममध्ये स्ट्रायकर सोंगटीला लागला की दोघांच्या दिशा एकमेकांशी बांधल्या जातातच. सोंगटी कुठे गेली ते पाहून स्ट्रायकर कुठे असेल ते मी न बघता सांगतो (पॉकेटमध्ये, बहुतेक). मग प्रोटॉनने वेगळं काय केलं?

अणुरेणू:

बाकरवडीराव, कॅरममध्ये स्ट्रायकरची दिशा तुम्ही पाहण्याआधीच ठरलेली असते, तुम्हाला माहीत नसते एवढंच. आणि तिथे विचारायला एकच प्रश्न आहे. सिंगलेटमधल्या प्रोटॉनला तुम्ही कोणताही अक्ष विचारा, उत्तरं विरुद्धच येतात. सगळ्या अक्षांची उत्तरं आधी लिहून ठेवली होती असं मानलं तर काही कोनांवर संबंध जितका घट्ट यायला हवा त्यापेक्षा प्रत्यक्षात जास्त घट्ट येतो. जॉन बेलने १९६४ मध्ये दाखवलेली मर्यादा, बेलची असमानता, ती हीच. सोंगटीवर हा हिशेब चालवायला दुसरा प्रश्नच नाही.

बाकरवडीबोसॉन:

पटलं. क्वीन घेऊन निघतो.

निवृत्त_मास्तर:

टॉपच्या परिच्छेदात एक नाव यायला हवं होतं. लेप्टॉनच्या दिशेवरून टॉपचा स्पिन वाचायचा, तर एक भीती असते: टॉप फुटण्याच्या प्रक्रियेतच काही अनोळखी भौतिकी असेल तर लेप्टॉनची दिशा बदलेल आणि तिचा दोष आपण स्पिनला लावू. रोहिणी गोडबोले, सौरभ रिंदाणी आणि ऋतेश सिंग यांनी २००६ मध्ये दाखवलं की लेप्टॉनचं कोनीय वितरण फुटण्यातल्या अशा लहान बदलांना पहिल्या पायरीपर्यंत दाद देत नाही. ऊर्जेचं वितरण बिघडतं, कोनाचं नाही. म्हणून टॉपच्या स्पिनसाठी लेप्टॉनचा कोन हा भरवशाचा साक्षीदार आहे. ॲटलासची -०.५३७ ही संख्या याच प्रकारच्या साक्षीवर उभी आहे.

गोडबोले बाई पुण्याच्या, स. प. महाविद्यालयाच्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये पुण्यातच गेल्या, ‘नेचर’मधला लेख आल्यावर महिन्याभराने. पद्मश्रीची बातमी सगळ्यांनी वाचली, काम काय केलं ते फार थोड्यांनी.

गॅमाताई:

मी न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये काम करते, म्हणून वू-शाकनोव्हचा परिच्छेद वाचून खुर्चीत सरसावून बसले. अहो, हे आम्ही रोज करतो! पेट स्कॅनमध्ये पेशंटला फ्लोरिन-१८ लावलेली साखर टोचतात (अर्धायुष्य ११० मिनिटं, म्हणून सकाळी डोस यायला उशीर झाला की सगळी यादी कोलमडते). पॉझिट्रॉन निघतो, इलेक्ट्रॉनशी संपतो, ५११ केईव्हीचे दोन फोटॉन. मशीन काही नॅनोसेकंदांच्या आत दोन्ही बाजूंना आलेले फोटॉन जोडी म्हणून धरतं आणि मधली रेषा आखतं. ध्रुवीकरण अजिबात बघत नाही.

आमचा कायमचा त्रास म्हणजे शरीरात एकदा विखुरलेले फोटॉन. त्यांची रेषा चुकीच्या जागेतून जाते आणि चित्र धूसर होतं. जाड पेशंट असेल तर विचारूच नका. ब्रिटनमधल्या यॉर्कच्या गटाने २०२१ मध्ये सुचवलं की जोडीचा ध्रुवीकरण-संबंध मोजला तर खऱ्या जोड्या आणि विखुरलेल्या किंवा योगायोगाने जमलेल्या जोड्या वेगळ्या काढता येतील. वाचायला छान आहे, पण त्यासाठी प्रत्येक फोटॉन डिटेक्टरच्या आत कुठे कॉम्प्टन झाला आणि पुढे कुठे शोषला गेला हे दोन्ही बिंदू कळायला हवेत. आत्ताच्या मशीनचा डोस आणि वेळ बघता त्यात किती घटना उरतील याची मला शंका आहे. शिवाय आधीच विखुरलेली जोडी किती गुंतलेली राहते, आणि कॉम्प्टनच्या मापाने तो फरक दिसतो तरी का, यावर पुढच्या काही वर्षांत बराच वाद झालाय.

अवांतर: पेशंटच्या नातेवाइकांना ‘प्रतिद्रव्य’ हा शब्द सांगू नये, हा अनुभवाचा सल्ला.

सहज_सुचलं:

एकाचं मोजलं की दुसऱ्याचं ताबडतोब ठरतं, म्हणजे प्रकाशापेक्षा वेगाने निरोप गेला ना? आणि हे सगळं एकच आहे असं आपल्याकडे उपनिषदात आधीच सांगितलंय.

अणुरेणू:

निरोप जात नाही. माझ्या हातातल्या प्रोटॉनची उत्तरं मला निम्मी वर, निम्मी खाली अशीच मिळतात, तुम्ही पलीकडे काहीही मोजा. संबंध दिसतो तो दोन्ही वह्या शेजारी ठेवल्यावर, आणि वह्या आणायला नेहमीचीच वाहनं लागतात. उपनिषदांसाठी वेगळा धागा काढा, तिथे येऊन वाचेन.

शंकासुर:

धागाकर्त्यांनी तीन प्रयोग एका दमात सांगितले, जणू एकाच शिडीच्या पायऱ्या. मला ते मान्य नाही.

एंटँगलमेंट असणं आणि बेलची असमानता मोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मधे बरीच मोकळी जागा आहे. सिंगलेटमध्ये निव्वळ गोंगाट मिसळत जा. सिंगलेटचा वाटा १/३ च्या वर असेल तर अवस्था गुंतलेली. पण बेल मोडायला तो वाटा २ च्या वर्गमुळाच्या व्यस्ताइतका, म्हणजे ०.७०७ च्या वर हवा. ॲटलासचा आकडा ०.५३७. टॉपची अवस्था इतकी साधी नसते, तरी अंदाज येतो: गुंतलेली हो, बेल मोडणारी नाही. ॲटलासने तसा दावाही केलेला नाही. पण बातम्यांमध्ये ‘आइनस्टाइन पुन्हा चुकला’ आलंच.

त्याहून मोठी हरकत १९९२ पासूनची आहे, एबेल, डिटमार आणि ड्राइनर यांची. कोलायडरमध्ये कोणीही अक्ष निवडत नाही. टॉप आपापला फुटतो, लेप्टॉन आपापल्या दिशेला जातो आणि आपण फक्त संवेग नोंदतो. हे सगळे संवेग एकाच वेळी मोजता येतात. मग त्यांचं जे वितरण मिळालं ते जसंच्या तसं ‘आधीच लिहून ठेवलेलं’ मानणारं स्थानिक मॉडेल नेहमीच बनवता येतं. ते कुरूप असेल, पण बनतं. दिशेवरून स्पिन काढताना आपण क्वांटम सिद्धांत आधीच गृहीत धरतो. मग त्याच आकड्यांनी त्या सिद्धांताच्या प्रतिस्पर्ध्याला बाद कसं करणार?

वू-शाकनोव्हलाही हेच लागू आहे. कॉम्प्टन ध्रुवीकरण फार ढोबळ वाचतं. कोन आदर्श धरला, डिटेक्टर बिंदूइतका धरला, तरी गुणोत्तर २.८५ च्या वर जात नाही. तेवढ्या ढोबळ वाचनाने बेल मोडता येत नाही, वरून गृहीतकं घालावी लागतात. साक्लेत कार्बनचीही तीच गत.

अणुरेणू:

शंकासुरराव, बेलबद्दल पूर्ण सहमत. कोलायडरवर ‘स्थानिक वास्तववाद हरला’ असं लिहिणाऱ्याला मीही खोडेन. प्रकाशाचे प्रयोग तिथे कितीतरी पुढे आहेत आणि पुढेच राहोत.

पण त्यावरून टॉपच्या मापाची किंमत कमी होत नाही. ते माप आइनस्टाइनला हरवण्यासाठी नाहीच. क्वांटम सिद्धांत मानून, ही दोन स्पिनची अवस्था नेमकी कोणती हे विचारणारं ते माप आहे. इतक्या ऊर्जेला, इतक्या अल्पायुषी कणात ते आधी कोणी विचारलं नव्हतं. शिवाय जोडी जेमतेम जन्मते त्या भागात संख्या सिद्धांतापेक्षा हटली तर तिथे टॉप आणि अँटिटॉप क्षणभर एकमेकांना धरून ठेवतात का, असे प्रश्न उघडतात. सीएमएसला तशी जास्तीची भर दिसली, ॲटलासलाही.

अंतराचंही सांगतो. सीएमएसने दुसऱ्या टोकाला, जोडीचं वस्तुमान ८०० जीईव्हीच्या वर असताना, पुन्हा मोजलं. तिथे दोन्ही टॉप इतके वेगात असतात की साधारण ९० टक्के घटनांमध्ये एकाच्या फुटण्याची खबर प्रकाशवेगानेसुद्धा दुसऱ्याला त्याच्या फुटण्याआधी मिळू शकत नाही. तुमची ‘अक्ष कोणी निवडला’ ही हरकत याने मिटत नाही. मात्र ‘एकाने फुटता फुटता दुसऱ्याला निरोप दिला असेल’ ही पळवाट त्या घटनांपुरती बंद होते.

आणि प्रोटॉनवर अगदीच अन्याय नको. जपानच्या रिकेनमध्ये २००६ साली २७० एमईव्हीचे ड्यूटेरॉन (प्रोटॉन-न्यूट्रॉनची बांधलेली जोडी) हायड्रोजनवर सोडून प्रोटॉनची सिंगलेट जोडी मिळवली. बेलची मर्यादा २, क्वांटमची कमाल २.८३. त्यांना मिळालं २.८३, सांख्यिकी त्रुटी ०.२४, उपकरणाची ०.०७. गृहीतकं आहेत, मान्य. पण प्रबळ बल जाणवणाऱ्या, वस्तुमान असलेल्या कणांवरचं हे माप आहे.

शंकासुर:

०.२४ ची त्रुटी असताना २.८३ नेमकं २.८३ यावं, हा नशिबाचा भाग. मर्यादेपासून तीन सिग्माच्या (त्रुटीच्या तिपटीच्या) थोडं वर. पण आकडा मांडलात ते बरं केलंत. माझी हरकत कायम, भांडण नाही.

वेताळटेकडी:

मला शेवटच्या भागात रस आहे आणि तिथेच घोळ वाटतोय. सूत्र दिलंत, मी आकडे घातले. न्यूट्रॉन-प्रोटॉन, प्रयोगशाळेत १० एमईव्ही ऊर्जा. सिंगलेटचा फेज शिफ्ट साधारण ६० अंश, ट्रिपलेटचा १०३. फरक ४३, दुप्पट ८६, साईनचा वर्ग जवळजवळ १. म्हणजे एंटँगलमेंट जवळपास कमाल! दाबली गेली म्हणता ती कुठे? उलट १ एमईव्हीला घातलं तर ६२ आणि १४८, फरक ८६, दुप्पट १७२, साईनचा वर्ग ०.०२. तिथे फेज शिफ्ट अजिबात सारखे नाहीत, तरी एंटँगलमेंट नाही. मग ‘सारखे म्हणजे सममिती’ ही गोष्ट कुठे गेली?

अणुरेणू:

धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न.

आधी १ एमईव्ही. एंटँगलमेंट शून्य होण्याच्या दोन जागा आहेत. फरक ० (किंवा १८०) असेल तर टक्कर स्पिनला काहीच करत नाही. फरक ९० असेल तर टक्कर दोघांचे स्पिन अदलाबदल करते: प्रोटॉनचा न्यूट्रॉनला, न्यूट्रॉनचा प्रोटॉनला. सुटे आले, सुटेच गेले, फक्त मालक बदलले. क्वांटम संगणकवाले याला स्वॅप गेट म्हणतात. तुम्ही नेमके तिथे जाऊन पोचलात. बरोबर ९० हवे असतील तर ०.८ एमईव्हीच्या आसपास बघा.

आता १० एमईव्ही. फरक ४५ असताना अर्धी अदलाबदल होते, म्हणजे स्वॅपचं वर्गमूळ, आणि ते गेट सुट्या स्पिनना जास्तीत जास्त गुंतवू शकणाऱ्यांपैकी आहे. प्रयोगशाळांमध्ये क्वांटम डॉटवर (एकेक इलेक्ट्रॉन अडकवणाऱ्या सूक्ष्म खळग्यांवर) हे गेट बसवायला लोक घाम गाळतात. न्यूट्रॉन ९ एमईव्हीच्या आसपास प्रोटॉनवर एस-वेव्हमध्ये आदळला की ते आपोआप चालतं.

मग दाबणं कुठे? सगळ्या ऊर्जांना एंटँगलमेंट शून्य आहे असा तो दावा नाही. उंबरठ्याजवळ चित्र टोकाचं असतं, कारण दोन्ही स्कॅटरिंग लांबी (अगदी कमी ऊर्जेला टकरीचा जोर सांगणाऱ्या) अवाढव्य आणि वेगळ्या आहेत: सिंगलेटची -२३.७ फर्मी, ट्रिपलेटची ५.४२, कारण ट्रिपलेटमध्ये ड्यूटेरॉन २.२ एमईव्हीने जेमतेम बांधलेला आहे आणि सिंगलेटमध्ये बांधणी थोडक्यात हुकली. हे थोडंसं इकडचं तिकडे फेज शिफ्टमध्ये प्रचंड दिसतं. ऊर्जा वाढवा: ५० ला फरक २२ अंश, १०० ला १६. १०० ला साईनचा वर्ग ०.३. मूळ बलाची ताकद दोन्ही स्पिनसाठी बरीच जवळची आहे हे तिथे कळतं, आणि सममितीचं विधान त्या ताकदीबद्दल आहे. मात्र ‘एंटँगलमेंट दाबली जाते म्हणून सममिती येते’ की ‘सममिती आहे म्हणून एंटँगलमेंट कमी’, हे त्या लेखाने सिद्ध केलेलं नाही. माझा कल दुसऱ्याकडे आहे. एसयू(१६) मुळेच पहिल्याला संधी द्यावीशी वाटते, कारण तिला दुसरं कारण सापडत नाही.

वेताळटेकडी:

हं. म्हणजे ०.८ च्या खाली आणखी एक शिखर असणार, फरक १३५ असताना.

अणुरेणू:

असणार. काढा.

टीवायची_मुलगी:

मी टी.वाय. बी.एस्सी.ला आहे, वर्गात स्कॅटरिंग नुकतंच झालंय. कमी कळलं पण आवडलं. हे प्रोजेक्टला घेता येईल का? लॅबमध्ये काही करता येईल की फक्त गणित? आमच्याकडे त्वरक वगैरे नाही.

निवृत्त_मास्तर:

बाळ, दोन्ही करता येईल. त्वरकाची गरज नाही. (पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात मायक्रोट्रॉन आहे, पण तो इलेक्ट्रॉनचा, तुझ्या कामाचा नाही. बघायला मात्र जरूर जा.)

लॅबचं: सोडियम-२२ पॉझिट्रॉन सोडतं आणि त्याचे छोटे सीलबंद स्रोत शिक्षणासाठी वापरतात. दोन सोडियम आयोडाइड डिटेक्टर आणि कोइन्सिडन्स सर्किट (एकाच वेळच्या नोंदी धरणारं) असेल तर ५११ केईव्हीचे दोन फोटॉन विरुद्ध दिशांनाच जातात, हे एका दुपारी दिसतं. वूंचा पूर्ण प्रयोग करायचा तर दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियम आणि फिरवता येणारे डिटेक्टर हवेत, आणि मोजण्या फार मंद गतीने जमतात. रात्रभर चालू ठेवायची परवानगी तुझे प्रयोगशाळा सहायक देणार नाहीत. विभागप्रमुखांशी गोड बोलून बघ, आणि स्रोताला सरांशिवाय हात लावू नकोस.

गणित टेकडीवाल्यांनी सांगावं.

वेताळटेकडी:

सांगतो, कालच शीटमध्ये करून पाहिलंय. एक्सेल पुरतं.

प्रयोगशाळेतली ऊर्जा एमईव्हीमध्ये घे. तिला ०.०१२०६ ने गुण, म्हणजे तरंगसंख्येचा वर्ग मिळेल, एकक फर्मीच्या वर्गाचं व्यस्त. वर्गमूळ काढून ठेव. आता प्रत्येक स्पिनसाठी: त्या वर्गाला प्रभावी पल्ल्याच्या निम्म्याने गुण, त्यातून १ भागिले स्कॅटरिंग लांबी वजा कर, आलेल्याला तरंगसंख्येने भाग. हा झाला फेज शिफ्टचा कोटँजंट. सिंगलेटला लांबी -२३.७ आणि पल्ला २.७५, ट्रिपलेटला ५.४२ आणि १.७६. वजाच्या चिन्हाकडे नीट बघ, सिंगलेटमध्ये दोन वजा मिळून अधिक होतात. कोटँजंट ऋण आला तर कोन ९० आणि १८० च्या मध्ये घ्यायचा, ATAN वापरलंस तर एक्सेल तो स्वतःहून घेत नाही. दोन्ही कोनांचा फरक, दुप्पट, साईन, वर्ग, भागिले ६.

ऊर्जेचा अक्ष लॉगरिदमिक ठेव, ०.०१ पासून २० पर्यंत. त्यापुढे हे सूत्र आणि एस-वेव्ह दोन्हींवर फार विसंबू नकोस. एक शिखर ०.०८ एमईव्हीजवळ, खोल दरी ०.८ जवळ, दुसरं शिखर ९ जवळ आलं की बरोबर आलंय. १० ला सिंगलेट ५९ आणि ट्रिपलेट १०३ येतात का ते आधी तपास, नाहीतर चिन्ह चुकलंय.

टीवायची_मुलगी:

१० ला ५९.१ आणि १०२.७ आलं!! दरी ०.७ की ०.८ ते नीट दिसत नाहीये, बिंदू कमी घेतलेत बहुतेक. वाढवून आलेख इथे टाकते.